धुतला की जाणारा काळा रंग

कुसाका सरांचे केस खोटे काळे आहेत हे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ओळखलं. पार्लर आहे माझं, जन्म गेला लोकांच्या डोक्यांत हात घालण्यात. खरा काळा केस उन्हात थोडी तांबूस झाक मारतो, कानामागे एक छटा, माथ्यावर दुसरी. खोटा काळा सगळीकडे एकसारखा, कढईच्या बुडासारखा. सर घरीच रंगाची डबी आणून लावायचे आणि मानेवर हात पोचायचा नाही, म्हणून मागून पांढरे राहायचे. मला काय करायचंय म्हणा! ज्याचं डोकं त्याच्यापाशी. पण हाच माणूस रोज सकाळी शाळेच्या फाटकात उभा राहून पोरांच्या केसांचा रंग तपासायचा, आणि माझ्या भाचीला म्हणायचा, "चिगुसा, केस काळे कर. शिस्त म्हणजे शिस्त."

चिगुसाचे केस जन्मापासून तपकिरी. भाजलेल्या चेस्टनटच्या सालीचा रंग असतो ना, तस्सा. माझ्या आईचे तसेच होते, माझे तसेच होते, आता पांढरे झाले ते सोडा. माझी धाकटी बहीण फुसाए, म्हणजे चिगुसाची आई, तिचे मात्र काळेभोर. म्हणून तिला कधी कळलंच नाही की त्या रंगापायी काय काय ऐकून घ्यावं लागतं.

फुसाए बंदरावर खेकड्यांच्या शेडमध्ये कामाला. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा तोंड दाखवणार. चिगुसा हायस्कूलला लागली तेव्हा फुसाए तिचे तान्हेपणीचे फोटो घेऊन सरांना भेटली होती. पोरगी रांगतेय आणि केस तपकिरी, आणखी काय पुरावा हवा? सरांनी फोटो नीट पाहिले, दोन्ही हातांनी परत दिले, आणि म्हणाले, "बाई, मला पटतं हो. पण हिला सूट दिली तर बाकीची पोरं रंगवून येतील. सगळ्यांसाठी थोडं सोसायचं." आणि माझी बहीण कमरेत वाकून "तुम्हाला त्रास दिला" म्हणत घरी आली. मला सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फुसाएनं माझ्याकडे न येता दुकानातून डबी आणली आणि न्हाणीघरात पोरीचे केस स्वतःच काळे केले. ताईला उगीच कशाला त्रास, म्हणे!

पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी कपाळाच्या कडेला खाज आली. तिसऱ्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या पापण्या अशा सुजल्या की डोळे दिसेनात. तेव्हा आणली माझ्याकडे. मी ओढतच डॉक्टर इगावांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "डबीतला तो रंग आता हिच्या अंगानं ओळखून ठेवलाय. आता विसरणार नाही. पुन्हा लावलात तर डोळ्यांवर भागणार नाही, घशापर्यंत जाईल." मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आवाज बसला तर वाट बघायची नाही, इस्पितळाची गाडी बोलवायची. आवाज ही पहिली खूण."

त्या दिवसापासून चिगुसाचं डोकं माझ्या ताब्यात.

रंगाच्या दोन जाती असतात. डबीतला रंग लावताना रंग नसतोच मुळी. दोन वाट्यांतलं पाणचट काहीतरी असतं. ते एकत्र कालवलं की केसाचे खवले उघडतात, बारीक कण आत शिरतात, आत गेल्यावर एकमेकांना धरून फुगतात आणि मग काळे होतात. ज्या दारानं आत आले त्या दारानं पुन्हा मावत नाहीत. धुवा, घासा, काही करा. दुसरी जात आंबट रंगाची. तो केसाच्या बाहेरच बसतो, ओसरीवर बसलेल्या पाहुण्यासारखा. आंबटपणात केस त्याला धरून ठेवतो, साबण लागला की थोडा थोडा सोडतो. तीन आठवड्यांत सगळा निघून जातो. टाळूला लागू दिला नाही की सूज नाही, खाज नाही. खोड एकच. पाण्याला भितो. घाम आला, पाऊस लागला की ओघळतो, आणि काळा ओघळत नाही, जांभळा ओघळतो.

मी चिगुसाला हा दुसरा लावायची. टाळूपासून नखभर सोडून, कंगव्याच्या टोकानं, एकेक बट. ती खुर्चीत बसून गप्पा मारायची.

"मावशी, सर आज म्हणाले, चिगुसा, तुझे केस आता किती छान दिसतात."

"मग त्यांना म्हणायचं, तुमचेही. फक्त मानेवर जरा राहिलेत."

"ईऽ! मरायचंय का मला?" आणि खो खो हसायची.

हसली की अगदी माझ्या आईसारखी दिसायची, एक गाल वर.

शाळेला यातलं काही माहीत नव्हतं. मी फुसाएला शंभरदा म्हटलं, "जा, सांग त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते. नाहीतर मी जाते."

"ताई, नको गं. लोक म्हणतील सबबी सांगतात. आधी फोटो नेले, आता आजार नेला. आणि पोरीला कामावर घेणाऱ्यांच्या कानावर गेलं तर? रंग काळाच दिसतोय ना? मग झालं तर." तिनं हात जोडले. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी शाळेत गेले नाही. पण दर पावसाला माझा जीव टांगणीला. आमच्या किनाऱ्यावर हिवाळाभर आभाळ गळतच असतं, अर्धं पाणी, अर्धा बर्फ. चिगुसा दप्तरात दोन छत्र्या ठेवायची. पोहण्याच्या तासाला पोट दुखायचं तिचं. धावण्याच्या शर्यतीत मुद्दाम मागे राहायची, घाम नको म्हणून. पायात वारं असलेली पोर! तीन वर्षं अशीच काढली तिनं, डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालावं तशी.

शेवटच्या हिवाळ्यात तिला कामही लागलं, पलीकडच्या शहरात एका पावाच्या भट्टीवर. मालकीणबाईंनी एवढंच विचारलं, "पहाटे उठता येतं का?" चिगुसानं केसांचं विचारलं तर म्हणाल्या, "डोक्याला रुमाल बांधायचा, आत काय आहे ते तुझं तू बघ." त्या दिवशी ती पार्लरमध्ये नाचत आली.

"मावशी, निरोप समारंभ झाला की तसंच इथे यायचं. सगळा काढून टाकायचा. एका बैठकीत निघेल?"

"खायचा सोडा आणि शाम्पू. दोन-तीन वेळा घासलं की निघेल. उरला तर कोमट तेल."

"मग मी माझ्या केसांनी गाडीत बसेन," ती म्हणाली. "पहिल्यांदाच कुठेतरी माझ्या केसांनी जाईन."

समारंभाच्या आदल्या दिवशी शाळेत तालीम होती. संध्याकाळी माझ्याकडे येऊन शेवटचा हात मारून घ्यायचा, असं आमचं ठरलं होतं. मी रंग कालवायचा वाडगा धुऊन ठेवला होता. दुपारी एक गिऱ्हाईक खुर्चीत असताना फुसाएचा फोन आला.

"ताई, कामात आहेस का? नाही, तसं काही नाही. उगीच एक विचारायचं होतं." मागे शेडमध्ये पाण्याचे पाइप सुरू होते. "शाळेत जो रंग असतो ना... तो डबीतला नसेल ना?"

"कुठल्या शाळेत? कसला रंग?"

"सरांचा फोन आला होता मघाशी. तालमीनंतर पोरं सभागृहातून जुन्या इमारतीत गेली, तेव्हा बर्फाचं पाणी आलं, चिगुसा भिजली, आणि कॉलर सगळी जांभळी झाली म्हणे. सर रागावले नाहीत गं. म्हणाले, उद्या समारंभ, पाहुणे येणार, बाई, तुम्ही कामावरून येऊ नका, आम्हीच इथे नीट काळे करून देतो. मी म्हटलं, तुम्हाला फार त्रास, करा कृपा करून."

"तू करा म्हणालीस?"

"तो माणूस एवढं म्हणतोय, तर नाही कसं म्हणायचं? मग मनात आलं, तुला विचारावं..."

मी फोन टाकला. गिऱ्हाइकाचे केस अर्धे गुंडाळलेले तसेच ठेवून, अंगावरच्या अॅप्रनसकट शाळेकडे धावत सुटले. रस्ता चढाचा. माझी छाती भात्यासारखी चालली होती, आणि तोंडातून एकच निघत होतं, देवा, डबी नसू दे, ती डबी नसू दे.

शाळेत आजारी पोरांना झोपवायची एक खोली आहे. दार उघडलं आणि वासच आला. तो अमोनियाचा वास मी झोपेतही ओळखीन. चिगुसा स्टुलावर बसली होती, खांद्यावर टॉवेल, डोक्याला प्लास्टिकची टोपी. आणि कुसाका सर हातमोजे घालून, बाह्या सारून, तिच्या कपाळावर ओघळलेला रंग हलक्या हातानं कापसानं टिपत होते. शेजारी त्यांचा जेवणाचा डबा तसाच न उघडलेला.

"अरे, मावशी आल्या!" सर म्हणाले. "झालंच आता. हा चांगला रंग आहे हो. मी स्वतः हाच लावतो. नेहमी टेबलाच्या खणात असतो."

मी काही न बोलता पोरीला दंडाला धरून उठवलं आणि तिचं डोकं मोरीच्या नळाखाली घातलं. पाणी बर्फासारखं गार. घासलं, खूप घासलं. पाणी आधी काळं, मग राखाडी, मग स्वच्छ झालं, आणि केस काळेच राहिले. नितळ पाणी वाहत होतं आणि त्यात ते काळे केस, एकसारखे, इकडून तिकडे.

"खाजतंय?" मी विचारलं.

"थोडंसं."

"कधीपासून?"

"लावल्यापासून."

"मग बोलली का नाहीस, मूर्ख पोरी? तुला माहीत होतं ना? डबी डोळ्यांनी पाहिलीस ना?"

तिनं मान खाली घातली. "मावशी, सर जेवलेसुद्धा नाहीत माझ्यासाठी. त्यांनी स्वतः मोजे घातले. मी... मला सांगता आलंच नाही."

मग मी सरांना सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते सगळं, शब्दन् शब्द, ओरडूनच. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी मोजे काढले, हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवले आणि माझ्यापुढे खोल वाकले. मानेवरचे पांढरे केस मला दिसले.

"आम्हाला सांगितलं असतं तर..." ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. मी पोरीला तशीच ओल्या केसांनी घेऊन निघाले.

डॉक्टर इगावांनी तपासलं, गोळ्या दिल्या. सूज अजून नव्हती. "यायची तर रात्रीतून येईल, नाहीतर उद्या," ते म्हणाले. "मोठ्या इस्पितळात जाऊन राहिलात तर बरं. नाहीतर निदान डोळ्यांसमोरून हलू देऊ नका. घसा सांभाळा."

मी म्हटलं, चला, आत्ताच निघू. तर मायलेकी दोघी एका सुरात नाही म्हणाल्या. फुसाए म्हणे, "उद्याचा दिवस चुकला तर आयुष्यभर चुकला. सर बिचारे आधीच किती शरमलेत. ही आली नाही तर सगळी शाळा त्यांना विचारेल का आली नाही म्हणून." चिगुसा म्हणे, "मावशी, नाव पुकारतात. तेवढं एकदा 'हजर' म्हणते आणि येते. मग तू म्हणशील तिथे." मी डोकं आपटलं. पण हातपाय बांधून तर नेता येत नाही ना.

सकाळी मी उजाडता उजाडता त्यांच्याकडे गेले. फुसाएनं सणासारखा लाल चवळीचा भात केला होता. चिगुसाच्या डाव्या पापणीवर थोडी सूज होती आणि केसांच्या रेषेवर लालसर पट्टा. बाकी ठीक.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही. बोलत राहा."

भात खाताना ती बोलली, बूट घालताना बोलली. वाटेत मी तिला दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या. मासेवाला, घड्याळवाला, तांदूळवाला. ती हसत होती, "मावशी, लोक बघतायत, मी काय बालवाडीत आहे?" आवाज स्वच्छ होता. मला जरा बरं वाटू लागलं. पण घड्याळवाल्यापाशी ती एकदा खाकरली. मी थांबले.

"काय झालं?"

"काही नाही गं. थंडी आहे."

फाटकात कुसाका सर उभे होते, काळ्या सुटात, पांढरा टाय. चिगुसाला पाहून त्यांनी एकदम विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हो सर, काल फार त्रास दिला." त्यांनी मान हलवली. डोळे तांबडे होते त्यांचे, रात्रभर झोपले नसावेत.

सभागृहात पोरं पुढे, आम्ही मागे खुर्च्यांवर. सगळ्या डोक्यांच्या मागच्या बाजू दिसत होत्या, काळ्या, काळ्या, काळ्या. त्यात माझी कुठली, हे मला पटकन सापडलंच नाही. एरवी मी तिला हजारांत ओळखलं असतं. मग मानेवरून ओळखली. शेजारी फुसाए किमोनो सावरून, हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. मीही आईचा जुना किमोनो नेसले होते.

मुख्याध्यापक बोलले. नगराध्यक्ष बोलले. पालकांच्या वतीनं कोणीतरी बोललं, मग आणखी कोणीतरी. आणि इतका वेळ पोरांनी तोंडातून अवाक्षर काढायचं नव्हतं. घरापासून इथपर्यंत मी तिला बोलतं ठेवलं होतं. आता ती गप्प बसली होती, आणि तिच्या गळ्यात काय चाललंय हे मला या खुर्चीवरून कसं कळणार? मी फक्त तिची मान बघत होते. एकदा तिनं हात गळ्याशी नेला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"फुसाए, तिनं गळ्याला हात लावला."

"श्शू. कॉलर घट्ट असेल."

कुसाका सर मंचावरच्या माइकपाशी आले. त्यांच्याच वर्गाची नावं होती. एकेक नाव, एकेक पोर उभं राहायचं, एकेक "हजर!" छताला आदळायचा. चिगुसाच्या रांगेची सुरुवात झाली. तिच्या आधीचा मुलगा उभा राहिला, घसा फाडून ओरडला, लोक हसले.

"ओकाबे चिगुसा."

ती उभी राहिली.

काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, मला ऐकू आलं नाही. शेजारचे लोक मान उंच करून बघायला लागले. सरांनी माइकवरून वर पाहिलं. त्यांचा चेहरा मी इतक्या लांबून पाहिला आणि मला कळलं की त्यांनाही कळलंय. पण हात कागदावर तसाच. विधी चालू होता, पाहुणे बसले होते, आणि त्या माणसाला पुढे काय करायचं ते सुचेना.

"ओकाबे... चिगुसा," त्यांनी पुन्हा म्हटलं, हळू, जणू विनवणी करावी तसं.

तिचे खांदे वर गेले. मागून मला दिसत होतं, ती सगळं अंग लावून आवाज ओढत होती, आणि येत नव्हता. तिनं समोरची खुर्ची धरली. आणि मग माझ्या त्या पोरीनं काय केलं? ती मंचाकडे तोंड करून कमरेत वाकली. उत्तर देता आलं नाही म्हणून सरांची माफी मागितली तिनं, श्वास मिळत नसताना. वाकली ती वर आलीच नाही. गुडघ्यांवर गेली.

कोणी उठलं नाही. विधी सुरू असताना उठायचं नसतं.

"गाडी बोलवा!" मी ओरडत उभी राहिले. खुर्ची मागे पडली. सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं, आणि कोणीतरी माझी बाही घट्ट धरून खाली ओढत होतं.

"ताई, बस ना खाली," फुसाए कुजबुजत होती. तिचे डोळे लोकांच्या तोंडांवर होते, तिनं अजून पुढे पाहिलंच नव्हतं. "बस गं, सगळे बघतायत."

मी हिसडा दिला. आईच्या किमोनोची बाही टर्रकन फाटून तिच्या हातात राहिली, आणि मी खुर्च्या लोटत पुढे धावले.